लोकरीने प्यालेला ताप

"कुणी शिंकू नका, कुणी उठू नका आणि ज्यांच्या मनात शंका असेल त्यांनी आत्ताच बाहेर जा," बरमेतने बजावलं, तशा अंगणातल्या बाया आणखी दाटीने बसल्या. बाहेर कोण जाणार? जी उठेल तिच्या मनात शंका होती हे साऱ्या गावाला कळणार.

बरमेत ही एमची होती, म्हणजे रोग उतरवणारी. ईसिक-कुल सरोवराच्या दक्षिण काठच्या गावांतून ती फिरत असे. पांढरा झगा, गळ्यात लांडग्याचा दात आणि तोंडाला विश्रांती नाही.

"मी कोण? मी कुणीच नाही! माझी सातवी आजी पांढरी उंटीण होऊन स्वप्नात येते, ती सांगते तेवढंच मी करते. डॉक्टर काय करतात? सुई टोचतात. सुईचं भोक केवढं आणि रोग केवढा! एवढ्याशा भोकातून एवढा मोठा रोग बाहेर निघेल का, तुम्हीच सांगा!"

बायांनी माना डोलावल्या. भोकाचं गणित त्यांना पटलं होतं.

चुलीपाशी सैकाल आपल्या तीन वर्षांच्या अल्तिनायला मांडीवर घेऊन बसली होती. पोर पाच दिवस खोकत होती आणि तीन दिवस तापाने फणफणत होती. तिचं अंग सैकालच्या कपड्यांतून चटके देत होतं. सैकालचा नवरा वरच्या कुरणात मेंढ्यांपाशी होता, तिथे फोन लागत नव्हता. घरात सासूचा शब्द चाले. सासूला ती आपा म्हणायची आणि रीतीप्रमाणे तिच्यासमोर मान वर करून बोलायची नाही.

बरमेतने अल्तिनायला उचलून चुलीवरच्या उकळत्या भांड्याजवळ धरलं आणि तीनदा फुंकायला लावलं. फुंकताना पोरीला खोकल्याची अशी उबळ आली की तिचे ओठ करडे पडले. मग बरमेतने डोक्याच्या रुमालाच्या गाठीतून चिमूटभर पांढुरकी माती काढली. "पवित्र जागेची माती आहे हो, सात डोंगर चालून आणलेली!" ती भांड्यात पडली मात्र, पाणी काजळीसारखं काळं झालं.

"या अल्ला!" बायांनी तोंडावर हात घेतले.

"बघा! हे सगळं या पोरीच्या छातीत होतं!"

तिने घरच्याच मेंढीची धुतलेली पांढरी लोकर त्यात बुडवली, झाकण ठेवलं आणि अर्धा तास पुटपुटत राहिली. झाकण काढलं तेव्हा पाणी झऱ्यासारखं नितळ होतं. तळाची चीर दिसावी इतकं नितळ. आणि लोकर लालनिळी झाली होती.

"लोकर ताप प्याली! लाल तो ताप, निळी ती दृष्ट!"

कुणी रडलं, कुणी बरमेतच्या झग्याचा काठ डोळ्यांना लावला. सासू तर मटकन खाली बसली. सैकाल मात्र लोकरीकडे एकटक बघत राहिली. टोकांना लाल आणि खोलगट जागी निळी हिरवी. ही लोकर तिने पाहिली होती, एकदा नव्हे, वीसेक वेळा.

"अजून दोन दिवस, दोन भांडी," बरमेत सांगत होती. "आणि तोवर पोरीनं वाहतं पाणी ओलांडायचं नाही. ओलांडलं तर आजार दुपटीनं परत. घरात कुणी शंका घेतली तरीही परत. मग मला बोल लावायचा नाही!"

जिल्ह्याचं इस्पितळ नदीच्या पलीकडे होतं. पुलावाचून तिथे जायला वाट नव्हती.

*

त्या गावात लोकर रंगवायचं काम बाया दार लावून करत. उघड्या भांड्याला नजर लागते आणि रंग फिका पडतो, असं समजलं जाई. त्यामुळे जन्मभर लोकर दाबून नमद्याचे गालिचे करणाऱ्या बायांनी एकमेकींचं रंगाचं भांडं कधी पाहिलेलं नव्हतं. सगळ्या बाजारातला कारखान्याचा रंग आणत आणि मीठ घालून उकळत. त्यांचं पाणी अखेरपर्यंत गडदच राहायचं. ते उकिरड्यावर ओतायचं आणि नमदा सात पाण्यांतून काढायचा, एवढंच त्यांना ठाऊक.

सैकालचं काम वेगळं होतं. ती नमद्याची चिमुकली जनावरं करायची: उंट, बकऱ्या, गुबगुबीत घोडे. त्यांना मूठभर लोकर पुरे. आपा त्याला पोरखेळ म्हणायची आणि मोठं भांडं देत नसे. एकदा रशियन शेजारीण सणाची अंडी रंगवत होती. पुडीतला खायचा रंग, गरम पाणी आणि चमचाभर सिरका, म्हणजे व्हिनेगर. सैकालने उरलेल्या पाण्यात सहज लोकर टाकली. थोड्या वेळाने बघते तर पाणी नितळ! सगळा रंग लोकरीने ओढून घेतलेला. त्या दिवशी तीही घाबरली होती. पण मग तिने पुन्हा करून पाहिलं. सिरका घातला की लोकर रंग पिते, नाही घातला की पीत नाही, आणि सोडा घातला तर मुळीच शिवत नाही. काळी पुडी घेतली तर लाल आधी चढतो, निळा मागाहून, म्हणून लोकर ठिपकेदार होते. हे सगळं तिने बकऱ्यांच्या गोठ्यामागच्या खोपटात, दार लावून शिकलं होतं.

दुपारी पोरीचा श्वास आणखी जलद झाला. सैकालने धीर करून तोंड उघडलं.

"आपा, ते पाणी... माझ्या भांड्यातही तसंच..."

"गप्प!" सासू ओरडली, आणि ओरडताना तिचाच आवाज कापला. "एक अक्षर बोलू नकोस! ऐकलं नाहीस, शंका घेतली तर काय होतं ते? पोर तुझी आहे ना?"

सासू रागावली असती तर सैकालला चाललं असतं. पण सासू घाबरलेली होती, आणि ते बघून सैकालचाही निश्चय डळमळला. समजा आपणच चुकत असलो तर? समजा खरंच आपल्या शंकेनेच पोरीचा श्वास वाढला असेल तर? त्या संध्याकाळी तिने मनातल्या मनात शंभरदा म्हणून पाहिलं, माझा विश्वास आहे, माझा विश्वास आहे. अल्तिनाय धापा टाकतच राहिली.

*

सकाळी बरमेतने फर्मान काढलं की आजचं पाणी सुनेनेच झऱ्यावरून आणावं. झऱ्यावर गावची नर्स कालिमा तिची वाटच बघत होती. आदल्या दिवशी आपाने तिला फाटकातूनच परत पाठवलं होतं, पण जाता जाता तिने सैकालला पोरीचे श्वास मोजायला सांगितलं होतं.

"श्वास मोजलास?"

"एका मिनिटाला अठ्ठावन्न, ताई."

कालिमाचा चेहरा उतरला. "या वयाला चाळीसच्या वर गेला की धोका. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतो का?"

"पडतो."

"न्यूमोनिया आहे सैकाल, खूणगाठ बांधून ठेव. प्राणवायू लावायला हवा आणि शिरेतून औषध द्यायला हवं. दुपारच्या आत तिला पलीकडे न्यायला पाहिजे. आमची गाडी एका बाळंतिणीला घेऊन गेलीय, ती संध्याकाळशिवाय येत नाही. तुझ्या दिराची आहे ना?"

"आपा हो म्हणाल्याशिवाय ते किल्ली फिरवायचे नाहीत."

"मग आपांना हो म्हणायला लाव."

बोलायला सोपं होतं. सैकाल बादली घेऊन परत आली ती थेट स्वयंपाकघरात शिरली. पावाच्या पिठात घालायच्या सोड्याचा डबा हाताशी होता. तिने तीन चमचे सोडा बादलीत टाकला आणि हाताने ढवळला. पाणी काळंच राहिलं की ही बाई तोंडावर पडेल, असा तिचा साधाभोळा हिशेब होता.

आज बाया दुपटीने जमल्या होत्या. कालिमाही कुंपणापाशी येऊन उभी राहिली. बरमेतचं तोंड कालच्यासारखंच सुटलं. उंटीण आली, सुईचं भोक आलं, सात डोंगरांचे आज नऊ झाले. अल्तिनायला फुंकता येईना. बरमेतने तिच्या तोंडासमोर हात हलवून वाराच भांड्यात ढकलला.

मग मातीची चिमूट पडली आणि भांडं फसफसून उतू गेलं.

बाया किंचाळत मागे सरल्या. बरमेतही दचकून एक पाऊल हटली, आणि ते फक्त सैकालने पाहिलं. पांढऱ्या उंटिणीने तिला हे सांगितलेलं नव्हतं.

"आजार चवताळलाय!" तिने लगेच सावरून घेतलं. लोकर टाकली, झाकण ठेवलं, पुटपुटली, झाकण काढलं. पाणी काळं. पुन्हा ठेवलं, पुन्हा काढलं. पाणी काळंच, आणि लोकर मळक्या ढगासारखी.

सैकालला वाटलं, आता हिचं पितळ उघडं पडणार. पण बरमेतने सावकाश मान वर केली आणि एकेका तोंडावरून नजर फिरवली.

"घरात कुणीतरी शंका घेतलीय," ती हळू आवाजात म्हणाली. काल ती ओरडत होती, आज कुजबुजली, आणि ते जास्त भयंकर होतं. "कुणीतरी काळ्या मनाचं या पोरीजवळ बसलंय. पाणी कुणी आणलं?"

सगळ्या तोंडांचा मोहरा सैकालकडे वळला.

"ही! हिला पोरीपासून दूर करा. पोर मेली तर हिच्यामुळे मेली म्हणून समजा!"

दोन बाया खरोखरच उठल्या. त्यांच्या हातची भाकर खाल्लेली अल्तिनाय त्यांनी सैकालच्या मांडीवरून ओढायला सुरुवात केली. पोर रडलीसुद्धा नाही, तिच्यात तेवढं बळच नव्हतं. सैकालने सासूकडे पाहिलं. सासूचा चेहरा पांढराफटक पडला होता.

भीतीची एक हद्द असते. सैकालची आत्ता ओलांडली गेली. सासूची भीती होती, गावाची होती, बरमेतची होती, पण मांडीवरच्या त्या जलद श्वासापुढे बाकीच्या भीती एकदम लहान झाल्या.

"मीच आणलं पाणी!" ती ओरडली. या घरात आल्यापासून ती पहिल्यांदा ओरडत होती. "त्यात मी सोडा घातलाय! पावाचा सोडा! आपा, आजाराला सोडा कळतो का हो?"

"ऐका, ऐका, स्वतःच्या तोंडानं कबूल झाली! पवित्र पाणी बाटवलं!" बरमेत कडाडली.

"हो, बाटवलं. आता मीच शुद्ध करते." पोरीला तिने कालिमाच्या हातात दिलं, खोपटाकडे धावली आणि सिरक्याच्या अर्काची बाटली व रंगाची पुडी घेऊन आली. बूच हाताने निघेना. तिने ते दातांनी ओढलं. भांड्यात अर्क ओतताच पुन्हा फस्स झालं. मग तिने एक लहान पातेलं चुलीच्या दुसऱ्या तोंडावर ठेवलं, साधं पाणी घातलं, त्यात पुडीतला काळा रंग, सिरका आणि मूठभर लोकर टाकली.

"यातही कुणीतरी फुंकायला हवं ना?" कालिमा कुंपणाच्या आत येऊन म्हणाली. "झानिश, तू फुंक. घोड्यासारखा धडधाकट आहेस."

सैकालच्या थोरल्या दिराने, झानिशने, आईकडे बघितलं. आईने त्याला अडवलं नाही. तो बावळटासारखा पुढे आला आणि पातेल्यात फुंकला. दोन्हींवर झाकणं पडली.

ती दहा मिनिटं सैकाल जन्मात विसरली नाही. चूल धुमसत होती. बरमेत शाप देत होती. कालिमा घड्याळाकडे बघत पुटपुटत होती, "साठ... बासष्ट..." आणि ती मिनिटं मोजत नव्हती. सैकालच्या डोक्यात एकच विचार गरगरत होता, सोडा जास्त पडला असला तर? सिरका पुरला नाही तर? मग ही माणसं पोरीला माझ्या हाती देणार नाहीत, आणि तिला पलीकडेही नेणार नाहीत.

"आपा," ती म्हणाली, "झाकण तुम्ही काढा. मी हात लावत नाही."

सासू उठली. तिने मोठ्या भांड्याचं झाकण उचललं. वाफ गेली. तळाची चीर दिसत होती.

पातेल्याचं झाकण काढलं. तिथेही नितळ पाणी आणि त्यात लालनिळी लोकर.

"हा खायचा रंग आहे," सैकाल म्हणाली. आता तिचा आवाज स्वतःलाच ओळखू येत नव्हता. "आंबट आणि गरम पाण्यात लोकर तो पिऊन टाकते. त्या मातीतच रंग आहे आणि लिंबाचं सत्त्व आहे, म्हणून सोड्यानं फसफसलं. माझे उंट, माझ्या बकऱ्या, सगळ्या अशाच रंगवते मी. माझ्या पोरीच्या छातीतलं काहीही त्या भांड्यात आलेलं नाही. ते तिच्या छातीतच आहे!"

"या झानिशलाही रोग आहे!" बरमेत अजून हटायला तयार नव्हती. "गुप्त रोग! म्हणून त्याचीही लोकर लाल झाली!"

"मला?" झानिश दचकला.

त्याची बायको खुदकन हसली. मग तिच्या शेजारची हसली, आणि काल झग्याचा काठ डोळ्यांना लावणारी म्हातारी पुढे होऊन म्हणाली, "दाखव गं तुझी गाठ, चाटून बघू दे आंबट लागते का!" बरमेतने रुमाल आवळला आणि गाठीसकट फाटक गाठलं. जाताना कबूल केलेला मेंढीचा खांदा मागायचं मात्र ती विसरली नाही.

सासू हसली नाही. ती नातीच्या बरगड्यांखालच्या खड्ड्याकडे बघत होती. अंगावरची शाल काढून तिने पोरीला गुंडाळलं.

"झानिश," ती म्हणाली, "गाडी काढ."

*

पूल आला तेव्हा आपाने डोळे घट्ट मिटून घेतले आणि सैकालचा हात असा पकडला की नखं रुतली. खाली नदी खळाळत होती. सगळं समजूनही सैकालच्या छातीत धस्स झालंच. भीती काही एका भांड्याने धुऊन निघत नाही. पुलापलीकडे गेल्यावर तिने आधी पोरीचा श्वास पाहिला. होता तसाच होता, नदीने त्यात काहीही फरक केलेला नव्हता.

इस्पितळात डॉक्टरीण बाईंनी त्यांना एक शब्द बोलू दिला नाही. नाकाला नळी लावली, शिरेत औषध सुरू केलं आणि मगच रागावल्या. "संध्याकाळी आला असता तर मी काही सांगू शकले नसते," एवढंच म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी पहाटे ताप उतरला. अल्तिनायने डोळे उघडून पाव मागितला. सैकाल बाहेरच्या बाकावर येऊन इतकी रडली की आपाने तिच्या पाठीवर हात ठेवला.

"माझी पहिली मुलगी होती," सासू अचानक म्हणाली. "चार वर्षांची. तुझ्या नवऱ्यालाही माहीत नाही. तिलाही असाच खोकला होता. एका म्हातारीनं शिसं वितळवून पाण्यात ओतलं आणि सांगितलं, आजार निघाला, आता कुठे नेऊ नका. मला वाटलं गं, पोर तर अजून धापा टाकतेय. एवढंच वाटलं, बोलले नाही. ती गेल्यावर म्हातारी म्हणाली, घरात कुणीतरी शंका घेतली."

सैकालने डोळे पुसले.

"बेचाळीस वर्षं मी हेच समजत होते की माझ्या शंकेनं तिला मारलं. नमाजाला बसले की हेच आठवायचं." आपाने तिच्याकडे वळून पाहिलं. "शंका खरी होती, पोरी. त्या शंकेचं ऐकून मी उठायला हवं होतं."

सैकाल सासूच्या खांद्याला टेकून बसून राहिली.

*

पंधरा दिवसांनी आपाने गावातल्या बायांना बोलावलं. रंगवायचं मोठं भांडं तिने स्वतः ओढत अंगणात आणलं, चुलीवर चढवलं आणि खोपटाचं दार दगड लावून सताड उघडं ठेवलं. "नजर लागेल हो," कुणीतरी पुटपुटलं. "लागू दे," आपा म्हणाली. "माझ्या सुनेच्या रंगाला काय होतंय ते आज सगळ्या मिळून बघू."

सैकालने रंग घातला, सिरका घातला, लोकर बुडवली. का घातला, किती घातला, हे ती प्रत्येकीला सांगत होती. कालिमाने मधेच सगळ्यांना मुलांचे श्वास कसे मोजायचे ते शिकवलं.

"ती बाई काय म्हणाली होती आठवतंय?" आपाने विचारलं. "शंका असेल त्यांनी बाहेर जा. आणि आपण सगळ्या बसून राहिलो. मी तर पुढेच बसले होते. यापुढे माझ्या अंगणात असं कुणी म्हटलं तर तीच बाहेर जाईल. ज्यांना शंका आहे त्यांनी पुढे यायचं, विचारायचं, झाकण उचलून आत बघायचं. आणि पोराला धाप लागली तर आधी पूल ओलांडायचा, बाकीचं मागाहून."

इतक्यात गर्दीतून खोकल्याचा एक लहानसा आवाज आला आणि सगळ्यांच्या माना एकदम वळल्या. अल्तिनाय शालीत गुंडाळून पायरीवर बसली होती. हातात निळ्यालाल ठिपक्यांचा नमद्याचा उंट होता. सगळ्या आपल्याकडे का बघतात हे तिला कळेना. ती उठली, चुलीपाशी आली आणि आजीचा झगा ओढत म्हणाली,

"झाकण मी काढणार."